यंदा यामासे येणार का?

११ मे १७८३. जपानच्या मुख्य बेटाच्या ईशान्य टोकाजवळचं हाचिनोहे संस्थान. तुम्ही भाताच्या वाफ्यापाशी बांधावर उभे आहात आणि पहिल्याच मिनिटाला कळतं की कपडे चुकले. मे महिना म्हणून तुम्ही सुती सदऱ्यावर आलात. समोरचा म्हातारा कापूस भरलेला जाड अंगरखा घालून, त्यावर गवताचं इरलं पांघरून चिखलात उतरलाय.

पहाटे ढग गडगडले आणि वारा फिरला. आता तो समुद्राकडून, ईशान्येकडून येतोय. जोर म्हणाल तर काहीच नाही, फांदीसुद्धा धड हलत नाही. पण थांबायचं नाव घेत नाही. सोबत धुकं आहे, इतकं खाली उतरलेलं की शंभर पावलांवरच्या देवळाचं छप्पर दिसत नाही. धुक्यातून भुरभुर पाऊस पडतोय. वाफ्यातल्या पाण्यात हात बुडवून बघा. बोटं आखडतात आणि बाहेर काढल्यावरही बराच वेळ सुटत नाहीत. या पाण्यात भाताचं बी रुजायचंय.

"बाबा, यंदाचा उन्हाळा कसा जाईल?"

इथे हा प्रश्न कुणी सहज विचारत नाही आणि कुणी सहज उत्तरही देत नाही. वर्षाच्या पहिल्याच महिन्यात एन्बुरीचा नाच झाला. घोड्याच्या तोंडासारखे उंच रंगीत मुकुट चढवून, जमीन सारखी करायच्या अवजाराचा दांडा बर्फात आपटत, गड्यांनी डोकी गरागरा फिरवली आणि देवाकडे पीक मागितलं. मग बर्फ वितळायला लागला, तसे सगळ्यांचे डोळे पश्चिमेच्या हाक्कोदा डोंगराकडे लागले. काळ्या कातळावर उरलेल्या पांढऱ्या चट्ट्यांमध्ये इथल्या लोकांना बी पेरणारा म्हातारा दिसतो, खेकड्याची नांगी दिसते. आकार कधी उमटतो यावर पेरणी ठरते. हे सगळं करून झालंय. आज डोंगरच दिसत नाहीये.

"हिवाळा फार मऊ गेला," म्हातारा अखेर बोलतो. "थंडी कुठेतरी शिल्लक असणार."

तो तिथेच थांबतो. पुढचा शब्द, 'केगाची', दुष्काळासाठीचा इथला शब्द, मे महिन्यात तोंडातून काढायचा नसतो.

या वाऱ्याला यामासे म्हणतात. जूनच्या आसपास ओखोत्स्क समुद्रावर थंड, दमट हवेचा उच्च दाब ठाण मांडून बसतो. तिथून निघालेला वारा कामचात्का-कुरिल बेटांकडून खाली वाहत येणाऱ्या ओयाशिओ या थंड सागरी प्रवाहावरून सरकत येतो आणि या मुलखाच्या, तोहोकू प्रांताच्या, पूर्व किनाऱ्यावर चढतो. उच्च दाब आठवडाभरात हलला तर कुणाचं काही बिघडत नाही. तो हललाच नाही तर जुलै-ऑगस्टमध्ये भर दुपारीही पारा वीस अंशांखाली राहतो, सूर्य दिसत नाही. हवेचा हा गार थर मात्र फार जाड नसतो. हजार-दीड हजार मीटर, बस. आणि किनाऱ्यापासून आत तोहोकूचा कणा असलेली ओउ डोंगररांग उत्तर-दक्षिण उभी आहे. बरीचशी गार हवा तिच्या पायथ्याशी साचून राहते.

म्हणून आता लगेच डोंगर ओलांडा. मला कालप्रवासाची सोय करायचीच आहे तर खिंडीतली पायपीट तुमच्या माथी कशाला मारू? डोळे मिटा, उघडा. तुम्ही पश्चिम उतारावर, आकिताच्या बाजूला आहात. तोच वारा डोंगरावर ओलावा सांडून, कोरडा आणि ऊबदार होऊन खाली उतरतोय. आकाश निळं आहे. इथला शेतकरी या पूर्वेच्या वाऱ्याला धनवारा म्हणतो आणि त्याच्या कौतुकाची लोकगीतं गातो. वारा तोच, दिवस तोच. म्हणून 'तोहोकूचा उन्हाळा यंदा कसा?' या प्रश्नाला एक उत्तर कधीच नव्हतं. डोंगराच्या कुठल्या अंगाला उभे आहात ते आधी सांगावं लागतं. आजचं जपानी हवामान खातंही तोहोकूचा अंदाज सांगताना पॅसिफिक बाजू आणि जपान समुद्राची बाजू अशी फोड करतं.

परत हाचिनोहेला या, पण जुलैच्या अखेरीस. वारा अजून तोच आहे. लोक अजून जाड कपड्यांत आहेत. भात उंचीला खुरटं असलं तरी हिरवंगार दिसतं आणि तुम्हाला वाटतं, इतकं काही वाईट नाही. म्हातारा मात्र एक ताट उपटतो, नखाने खोड उभं चिरतो आणि आत दडलेली इवलीशी ओंबी तळहातावर ठेवतो. भात पोटरीत आहे. निसवायला दहा-बारा दिवस बाकी. भाताच्या आयुष्यातले हे सगळ्यात नाजूक दिवस, कारण पराग आता तयार होतो. या दिवसांत तापमान सलग सतराच्या खाली राहिलं की पराग धरत नाही. ओंबी वेळ झाली की बाहेर येईल, दिसायला नीटही असेल, पण फळणार नाही. शरदात पिकलेल्या भाताची मान खाली जाते. या खाचरांतली ओंबी सप्टेंबरातही ताठ उभी राहणार आहे, आत सगळे पोचे दाणे.

भात मुळात उबेचं पीक. ते इथे, जपानच्या थंड कोपऱ्यात, इतक्या हट्टाने का लावायचं? कारण हाचिनोहे हे 'वीस हजार कोकु'चं संस्थान आहे; कोकु हे तांदळाचं माप. संस्थानाची पत, सरदाराचा मान, सामुरायांचा पगार, शेतसारा, सगळं तांदळात मोजलं जातं. या मातीला मानवणारं धान्य वेगळं आहे: हिए, आपल्या सावा-वरीच्या जातीचं. थंडीत तग धरतं, वर्षानुवर्षं कोठारात टिकतं. पण हिए देऊन एदोमधलं, म्हणजे आजच्या तोक्योतलं, कर्ज फिटत नाही. शेजारच्या म्हातारीला १७४९ ची गोष्ट विचारा, ती लहान होती तेव्हाची. एदोकडे सोया सॉस करणाऱ्यांना सोयाबीन हवं होतं, म्हणून डोंगरउतार जाळून सोयाबीन लावलं. जमीन दमली की ती टाकायची आणि पुढचा उतार जाळायचा. टाकलेल्या जमिनीत कंदमुळं माजली, त्यावर रानडुकरं माजली, आणि थंड वर्षी त्यांनी उरलंसुरलं पीकही फस्त केलं. इतिहासात त्याची नोंदच 'रानडुकरांचा दुष्काळ' अशी आहे. हसू नका, माणसं त्यातही मेली.

आता पश्चिमेला त्सुगारुकडे, डोंगरापलीकडे असूनही यंदा न वाचलेल्या हिरोसाकी संस्थानात चला. आओमोरी बंदर, तोच उन्हाळा. धक्क्यावर तांदळाची पोती आहेत, जहाजं आहेत आणि संतापलेली माणसं आहेत. संस्थान कर्जात बुडालंय. गेल्या हंगामातला तांदूळ एदो आणि ओसाकाच्या बाजाराला पाठवायचा, चांगला भाव घ्यायचा, देणी भागवायची, असा हिशोब. इकडे वारा मेपासून पूर्वेचा आहे, हे धक्क्यावरच्या हमालालाही कळतं. लोक दंगा करतात, जहाजं अडवा म्हणतात. अंदाज कुणाचाच चुकलेला नव्हता, हे इथे नीट बघून घ्या. हवामान सगळ्यांनी बरोबर ओळखलं होतं. कोठार मात्र आधीच रिकामं करून ठेवलेलं होतं.

पुढची दोन वर्षं मी तुम्हाला फार रेंगाळू देणार नाही. हिरोसाकी संस्थानात ८०,००० हून अधिक माणसं मेली, म्हणजे तिघांतला साधारण एक. हाचिनोहेत ६५,००० च्या वस्तीतली जवळपास ३०,००० भुकेने आणि रोगांनी गेली. १७८५ मध्ये सुगाए मासुमी नावाचा एक भटका लेखक त्सुगारुतून चालत गेला, तेव्हा त्याला गवतात बर्फासारखं पांढरं काही दिसलं. ती हाडं होती. त्याने रोजनिशीत ते लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला कळतं.

एका ठिकाणी मात्र थांबा. हाचिनोहेतल्या ताइसेन-इन मंदिराच्या आवारात, मृतांच्या नावाने उभा केलेला दगड. पुढून तो इतर स्मृतिदगडांसारखाच आहे. मागे जा. मागच्या बाजूला हवामान कोरलंय: चौथ्या महिन्याच्या अकराव्या दिवशी सकाळी गडगडाट झाला, यामासे सुरू झाला, आठव्या महिन्याच्या अखेरीपर्यंत पाऊस लागून राहिला. चांद्र महिने आपल्या कॅलेंडरवर आणले तर मेची अकरा तारीख, म्हणजे तुम्ही बांधावर उभे होतात तोच दिवस, ते सप्टेंबरची अखेर. बोट फिरवत खाली या. एके जागी अक्षरं संपतात आणि बोटाला खडबडीत खळगा लागतो. कुणीतरी नंतर छिन्नीने काही अक्षरं खरवडून काढली आहेत. माणसांनी माणसं खाल्ल्याचा उल्लेख तिथे असावा, असं मानतात. वाऱ्याची तारीख कुणाला लपवावीशी वाटली नाही.

या वर्षाचा दोष ज्वालामुखींवर टाकायची पद्धत आहे. मध्य जपानातला आसामा ऑगस्टच्या सुरुवातीला सगळ्यात जोराने फुटला. आइसलंडमधली लाकीची भेग ८ जूनला उघडली आणि कित्येक महिने गंधकाचा धूर ओकत राहिली. त्याच सुमाराला उत्तर हिंदुस्थानात पाऊस रुसला आणि विक्रम संवत १८४० वरून ज्याला 'चालीसा' म्हणतात तो दुष्काळ पडला. महादजी शिंद्यांनी १७८४ च्या अखेरीस दिल्लीचा कारभार हाती घेतला तो याच भुकेकंगाल मुलखात. ज्वालामुखीने जगभरचं हवामान बिघडवलं हे खरंच. पण तारखा जुळवून बघा: लाकी जूनमध्ये पेटला, आसामाचा मोठा स्फोट ऑगस्टमध्ये झाला, आणि हाचिनोहेत माणसं मेपासून कुडकुडत होती. यामासेला फुटणाऱ्या डोंगराची गरज लागत नाही. डोंगर फुटला तर थंडी वाढते, इतकंच.

आणि याच थंडीत तोहोकूच्याच दक्षिणेला शिराकावा संस्थान आहे. तिथल्या तरुण सरदाराने, मात्सुदाइरा सादानोबूने, वेळेवर बाहेरून तांदूळ विकत आणून वाटला. त्याच्या मुलखात भूकबळी गेलेच नाहीत, असा त्याचा लौकिक झाला. सरदारांच्या लौकिकावर मी सहसा फार विश्वास ठेवत नाही. पण १७८७ मध्ये शोगुनच्या राज्याचा मुख्य कारभार त्याच्याकडे गेला आणि दोनच वर्षांत त्याने हुकूम काढला: प्रत्येक दहा हजार कोकुंमागे पन्नास कोकु धान्य बाजूला काढून साठवायचं. याला मात्र कागदोपत्री पुरावा आहे.

आता मोठी उडी. १९२८ चा मार्च, इवाते जिल्हा, हानामाकीजवळचं इशिदोरिया गाव. बाहेर बर्फ अजून आहे. आत एका टेबलामागे बत्तीस वर्षांचाही नसलेला एक माणूस बसलाय, समोर शेतकऱ्यांची रांग. हे मियाझावा केंजी. शेतीशाळेतली नोकरी सोडून ते स्वतः शेती करतायत, आणि शेतकऱ्यांना खताचा हिशोब फुकट मांडून देतात. रांगेत तुमचाही नंबर लागू द्या. ते तुम्हाला विचारतील: खाचर कुठे, पाणी कुठल्या ओढ्याचं, माती काळी की चिकण, मागच्या वर्षी भात आडवं पडलं का, उन्हं किती वाजता येतात. मग कागदावर रकाने आखून भराभर लिहितील. जात कुठली लावायची, यावर त्यांचं उत्तर बहुधा ठरलेलं: रिकुउ १३२. आकितातल्या सरकारी केंद्रात संकर करून काढलेलं हे वाण थंडीला आणि रोगाला जुन्या जातींपेक्षा चिवट. त्याच्या एका पूर्वजाची गोष्ट त्याहून जुनी. १८९३ साली यामागाताच्या शोनाइ भागात थंडीने झोपलेल्या पिकात एका शेतकऱ्याला तीन ओंब्या धडधाकट उभ्या दिसल्या. तेवढ्यावरून 'कामेनोओ' ही जात वाढली. प्रयोगशाळेच्या आधी बांधावरचा डोळा होता.

केंजींची जगात ओळख आहे ती कवी आणि कथाकार म्हणून. पण त्यांची काळजी अगदी शेतकऱ्याची. ते मोरिओकाच्या हवामान केंद्रात जाऊन थंड आणि कोरड्या वर्षांच्या नोंदींबद्दल चौकशी करत. मोरिओकाच्या कृषी महाविद्यालयातले त्यांचे गुरू सेकी तोयोतारो यांनी थंडीने बुडणाऱ्या पिकांचा संबंध समुद्राशी जोडून दाखवला होता. म्हणजे उन्हाळा कसा जाईल याचं उत्तर डोंगरावरच्या बर्फात शोधणारी माणसं आता समुद्राच्या तापमानाकडे बघू लागली होती. १९२८ च्याच उन्हाळ्यात खाचरं तपासत हिंडताना केंजींची प्रकृती ढासळली. सप्टेंबर १९३३ मध्ये, सदतिसाव्या वर्षी ते गेले. त्या वर्षी इवातेत पीक भरघोस आलं होतं.

त्याआधी, १९३२ मध्ये, त्यांची 'गुस्को बुदोरी' ही कथा छापून आली. थंड उन्हाळ्याने आईबाप गमावलेला मुलगा मोठा होऊन ज्वालामुखी खात्यात काम करतो. पुन्हा तसाच उन्हाळा येणार असं दिसतं, तेव्हा तो एका बेटावरचा ज्वालामुखी मुद्दाम फोडतो, स्वतः तिथे राहून मरतो. का? तर ज्वालामुखीतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडने हवा तापेल आणि भात पिकेल. खरे ज्वालामुखी उलटं, थंडी आणतात, हे आज शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. पण कार्बन डायऑक्साइडने पृथ्वी तापते हे एका खेड्यातल्या खतसल्लागाराने नव्वद वर्षांपूर्वी गोष्टीत घातलं, आणि वरदान म्हणून घातलं, याचं मला दरवेळी नवल वाटतं. ज्या माणसाने यामासेत हात घालून भात उपटलंय त्यालाच तापलेली पृथ्वी इतकी हवीशी वाटू शकते.

१९३४. इथे फक्त एक पाटी वाचा आणि पुढे चला. पुन्हा थंड उन्हाळा, त्यात मंदीने रेशमाचे भाव कोसळलेले. यामागातातल्या एका गावात कचेरीसमोर सूचना लागली आहे: मुलगी विकायची वेळ आली असेल तर आधी आमच्या सल्लाकेंद्रात या. या पाटीचं छायाचित्र जपानी शाळांच्या पाठ्यपुस्तकांत येतं. गावाला ती पाटी लावायला लाज वाटली नसेल असं समजू नका. दलाल दाराशी येण्याआधी कुणीतरी मध्ये पडावं, एवढीच धडपड होती.

या दशकातल्या थंड वर्षांनी जपानच्या हवामान शास्त्रज्ञांना दूरच्या अंदाजाच्या मागे लावलं. अर्थात त्याच कोड्यावर आपल्याकडेही काम झालेलं होतं. १८९९ च्या अवर्षणात मान्सूनचा अंदाज साफ फसल्यावर गिल्बर्ट वॉकर हे गणिती भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख झाले आणि वीस वर्षं जगभरचे आकडे चाळत बसले. प्रशांत महासागर आणि हिंदी महासागर यांच्यावरचा हवेचा दाब एकाआड एक वरखाली होतो, हे त्यांना दिसलं. सिमल्याहून खातं १९२८ मध्ये पुण्याला आलं; शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिसच म्हणतात. दाबाच्या त्याच वरखालीशी जोडलेल्या ज्या एल निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापण्याच्या, भीतीने आपण एप्रिलमध्ये अंदाजाची वाट बघतो, तोच एल निनो उत्तर जपानात उन्हाळा थंड करण्याकडे झुकतो. विदर्भातला कापूसवाला आणि हाचिनोहेतला भातवाला एकाच समुद्राकडे डोळे लावून असतात, दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो.

आता १९९३. ऑगस्टचा शेवट, इवातेचा किनारी पट्टा. आता तुमच्याकडे चांगलं जाकीट आहे, गाडीत हीटर आहे आणि रेडिओवर हवामान खातं सांगतंय की यंदाचा मोसमी पाऊस संपल्याची जी तारीख आधी जाहीर केली होती ती मागे घेतली आहे; पावसाळा नेमका कधी संपला ते ठरवता येत नाही. दोन वर्षांपूर्वी फिलिपिन्समधला पिनातुबो फुटला, एल निनोही रेंगाळलाय, आणि ओखोत्स्कचा उच्च दाब हलायला तयार नाही. उपग्रह आहेत, महासंगणक आहेत. खाचरात उतरा. ओंबी हातात घ्या, दोन बोटांत दाणा दाबा. चपटा होतो. पुढचा दाबा. तोही. टोचणाऱ्या कुसळांखेरीज बोटांना काही लागत नाही.

काही शेतकरी जुलैमध्ये खाचरात रात्रंदिवस पाणी भरत होते, पंधरा-वीस सेंटिमीटर उंच. पोटरीतली ओंबी त्या उंचीला असते आणि पाणी हवेपेक्षा ऊबदार असतं, म्हणून ती पाण्याखाली झाकून ठेवायची. ज्यांनी नेटाने केलं त्यांच्या हाती थोडंफार लागलं. पण सर्वसाधारण वर्षाचं पीक १०० धरलं तर आओमोरीचा आकडा त्या वर्षी २८ आला, इवातेचा ३०, मियागीचा ३७, साऱ्या देशाचा ७४. आकडे १७८३ च्या जातीचे आहेत.

आणि माणूस एकही उपाशी मेला नाही. जपानने थायलंड, चीन, अमेरिका, ऑस्ट्रेलियातून सुमारे २६ लाख टन तांदूळ आणला. तोक्योच्या दुकानांसमोर रांगा लागल्या, घरोघरी लांब दाण्याच्या थाई तांदळाला नाकं मुरडली गेली, काहींनी तो फेकूनही दिला. ज्या देशाने वेळेला जहाजं भरून धान्य पाठवलं त्याच्याशी हे वागणं शोभणारं नव्हतं, आणि जपानी खरेदीमुळे जागतिक बाजारात भाव भडकले त्याचा चटका इतर गरीब देशांना बसला तो वेगळाच. तोहोकूच्या इतिहासात मात्र हे नवीन होतं: कोठार आता समुद्रापलीकडेही होतं.

मला १९९३ मधली जी गोष्ट सगळ्यात जास्त आवडते ती बाजारातली नाही. पीक बुडालं म्हणजे पुढच्या वर्षीचं बियाणंही बुडालं. इवातेकडे थंडीला तोंड देणारं एक नवं वाण तयार होतं, पण बी फारच थोडं. मग त्यांनी ते उचललं आणि दोन हजारांहून जास्त किलोमीटर दक्षिणेला, तैवानच्या जवळच्या इशिगाकी बेटावर नेलं. तिथे हिवाळ्यातही भात होतो. डिसेंबर-जानेवारीत इवातेत बर्फ पडत असताना इशिगाकीच्या शेतकऱ्यांनी परक्या जिल्ह्याचं बी आपल्या खाचरात लावलं, वाढवलं, मेमध्ये परत पाठवलं. त्या वाणाचं नाव ठेवलं 'काकेहाशी', म्हणजे पूल. एरवी सरकारी नावांना मी हसतो. याला हसलो नाही. थंडीत टिकलेलं 'हितोमेबोरे' हे वाणही त्यानंतर तोहोकूभर पसरलं आणि मियागीच्या लाडक्या सासानिशिकीला मागे टाकून गेलं. १९९५ च्या नव्या अन्न कायद्याने सरकारने तांदळाचा कायमचा साठा ठेवायचा ठरवलं. सादानोबूच्या हुकमानंतर दोनशे सहा वर्षांनी.

शेवटचा मुक्काम जवळचा, म्हणून फारशी चक्कर येणार नाही. अलीकडचा कुठलाही फेब्रुवारी घ्या. हाचिनोहेत १७ ते २० तारखेला एन्बुरी असतो: रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग, मुकुटांवरचे रंगीत घोडे, दांड्याला लावलेल्या धातूच्या कड्यांचा खणखणाट, गरम तांदळाची दारू, लहान मुलांचं एबिसू देवाचं सोंग. त्याच आठवड्याच्या आगेमागे हवामान खात्याचा उन्हाळ्याचा पहिला अंदाज येतो. तो 'पाऊस पडेल, थंडी राहील' असं बोलत नाही. तीन रकाने असतात: सरासरीपेक्षा थंड, सरासरीइतका, सरासरीपेक्षा उष्ण, आणि प्रत्येकापुढे टक्के. हल्ली वर्षामागून वर्ष तक्ता १०, ३०, ६० अशा वळणाचा येतो. सरासरी म्हणजे १९९१ ते २०२० ची. तिच्यात १९९३ ही आहे आणि २००३ चा थंड उन्हाळाही.

उष्ण, साठ टक्के. हे १७८३ च्या म्हाताऱ्याला वाचून दाखवलं असतं तर त्याने तुमचे पाय धरले असते. केंजींनीही सुटकेचा श्वास सोडला असता. आणि इथे तुम्हाला जरा जपून पाऊल टाकायचंय, कारण आजचा शेतकरी तो आकडा वाचून कपाळाला आठ्या घालतो. दक्षिणेचा कुरोशिओ हा उष्ण प्रवाह सरकत सानरिकू किनाऱ्यासमोर आला आणि २०२३ च्या सुमाराला तिथलं पाणी नेहमीपेक्षा पाच-सहा अंशांनी तापलं. ज्या समुद्रावरून यामासे गारठा घेऊन येतो तोच समुद्र ऊबदार झाला तर वाराही तितका बोचत नाही. हाचिनोहेच्या बंदरात एकेकाळी ढिगांनी उतरणारा माकूल आता मोजून मिळतो. आणि भात निसवल्यानंतरचे वीस दिवस सरासरी सव्वीस-सत्तावीस अंशांच्या वर गेले की दाण्यात पिठूळ पांढरेपणा येतो, गिरणीत तो तुटतो, प्रत उतरते. थंडीसाठी निवडलेली जात उष्णतेत दगा देते. २०२३ चा उन्हाळा तोहोकूच्या तोवरच्या नोंदींतला सर्वांत उष्ण ठरला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये शहरांतल्या दुकानांच्या फळ्या रिकाम्या झाल्या, आणि २०२५ च्या मेमध्ये पाच किलोंच्या तांदळाचा भाव ४,२०० येनच्या पुढे गेला, वर्षाआधीच्या दुप्पट. दुष्काळासाठी ठेवलेला साठा सरकारने त्याच वसंतात बाहेर काढायला घेतला. त्या उन्हाळ्यात, ५ ऑगस्टला, मध्य जपानातल्या इसेसाकीत ४१.८ अंशांची नोंद झाली, देशाच्या तोवरच्या इतिहासातली सर्वांत जास्त.

माझं मत विचाराल तर उष्ण रकान्यातल्या साठ टक्क्यांमुळे थंड रकान्यातले दहा पुसले जात नाहीत. ओखोत्स्कचा उच्च दाब कुठे गेलेला नाही, आणि दहा टक्के म्हणजे दहा उन्हाळ्यांतला एक. शेतकऱ्याच्या आयुष्यात तो तीन-चारदा येतो. आता जातीही दोन्हीकडे पाय ठेवून निवडाव्या लागणार, पोटरीतली थंडी सोसेल आणि निसवल्यावरचं ऊनही. तोहोकूच्या संशोधन केंद्रांत हेच काम चालू आहे आणि एक वाण काढायला दहा-बारा वर्षं लागतात. २०२५ मध्ये उपसलेला साठा पुन्हा भरायचा तो मात्र याच, मधल्या, उन्हाळ्यांच्या पिकातून.